कॅप बसेपर्यंत अमानत

मी मुलाखतीला गेले तेव्हा सरांनी माझी फाईल हातात घेतली, तिचं वजन बघितल्यासारखी वरखाली केली आणि न उघडता बाजूला ठेवली. मग म्हणाले, "तोंड उघड."

मी नुकतीच दातांची डॉक्टर झाले होते आणि नोकरी मागायला आले होते, पण ते इतक्या सहज म्हणाले की मी उघडलं. त्यांनी आरसा आत घातला, इकडेतिकडे फिरवला आणि खालच्या डाव्या दाढेवर आरशाच्या दांडीने टकटक केलं. मडकं विकत घेताना करतात तसं.

"रूट कॅनाल झालंय. कुणी केलं?"

"कॉलेजात. वर्गातल्या मुलीने."

"बरं केलंय. कॅप?"

"लावायची आहे."

"कधीपासून लावायची आहे?"

मी गप्प बसले. गप्प बसणं मला चांगलं जमतं. त्यांनी तळहात पुढे केला. माझ्या गळ्यात इअरफोन लोंबत होते, ते मागत होते. मी काढून दिले. "उद्यापासून ये," ते म्हणाले. "कॅप लावलीस की हे परत मिळतील. तोपर्यंत अमानत."

मुलाखत संपली. याआधी मी दोन क्लिनिकांत जाऊन आले होते. दोन्हीकडे मराठी ऐकून समोरच्याला बरं वाटलं होतं, मग गाव विचारलं गेलं, मग आडनाव, आणि आडनावानंतर बोलण्यात एक बारीकसा थांबा आला होता. आमचे लोक मराठवाड्यातून हैदराबादला आलेले. तो थांबा मला लहानपणापासून ओळखीचा आहे. सरांनी मात्र गावही विचारलं नाही आणि आडनावही नाही. त्यांच्या लेखी जगात दोनच जाती होत्या. कॅप लावलेले आणि न लावलेले. मी त्या दिवशी दुसरीत होते आणि तसं मला तोंडावर सांगण्यात आलं होतं.

क्लिनिक नारायणगुड्यात पहिल्या मजल्यावर. खाली मिठाईचं दुकान. जिन्यात खालून तुपाचा वास यायचा, वरून लवंगेच्या तेलाचा, आणि मधल्या पायरीवर दोन्ही मिळून एक तिसराच. सर त्या दुकानदाराला पार्टनर म्हणायचे. "तो बनवतो, मी दुरुस्त करतो," असं पेशंटसमोर सांगायचे आणि दिवाळीला त्याच्याकडूनच मिठाई घ्यायचे.

बोलायच्या त्यांच्या तीन भाषा होत्या आणि तिन्हींची कामं ठरलेली होती. दुखतं का ते तेलुगूत विचारायचं, धीर उर्दूत द्यायचा आणि रागवायचं मराठीत. पेशंट कुठला आहे याच्याशी काही संबंध नाही. "नोप्पी उंदा?" असं मायेने विचारायचे, "कुछ नक्को सोचो, माँ, दो मिनट" म्हणून सुई टोचायचे, आणि मग त्या तेलुगू आजीला ब्रश नीट करत नाही म्हणून अस्सल मराठीत झोडपायचे. आजींना सगळं समजायचं. एकीने तर मला विचारलं होतं की डॉक्टर शेवटी जे म्हणतात तो कुठला मंत्र आहे.

मला या तिन्ही कामांत रुळायला वेळ लागला. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, दातांचं जे काही शिकले ते इंग्रजीत, आणि आवाज असा की पेशंट माझं ऐकून झाल्यावर सरांकडे वळून विचारायचे, "मॅडम क्या बोले?" सरांनी इंग्रजीवर बंदीच घातली. त्यांचं म्हणणं, इंग्रजीत सांगितलं की पेशंट मान डोलावतो आणि जिना उतरेपर्यंत विसरतो. आवाजाबद्दल म्हणाले, "दुसऱ्यांची तोंडं उघडायचा धंदा आहे आपला. स्वतःचं आधी उघड."

रूट कॅनालनंतर कॅप का लावायची, हे त्यांनी मला पाठ करून घ्यायला लावलं. त्यांच्या शब्दांत ते असं होतं. दाढेच्या आत एक भांडकुदळ माणूस राहतो, त्याचं नाव नस. तो रात्रंदिवस बोंबलतो म्हणून आपण त्याला बाहेर काढतो. घर शांत होतं. पण त्याला काढायला छत फोडलेलं असतं आणि भिंती आतून तासलेल्या असतात. आता तुम्ही काय करता, तर शांत झालं म्हणून छत न घालता राहायला जाता आणि वर जातं मांडून दळण दळता. मग भिंत उभी चिरली की माझ्याकडे येऊन विचारता, "डॉक्टर, रूट कॅनाल फेल कैसा हुआ?"

हे ऐकून पेशंट हसायचे, हो म्हणायचे आणि यायचे नाहीत. दुखायचं थांबलेलं असायचं ना. दुखणं थांबलं की माणसाला दाढ आहे हेच आठवत नाही. म्हणून सरांनी अमानत सुरू केली होती.

क्लिनिकच्या मागच्या खोलीत एक हिरवं लोखंडी कपाट होतं. रूट कॅनाल पुरं झालेल्या प्रत्येक पेशंटची एक वस्तू त्यात जायची आणि कॅप बसली की परत मिळायची. वस्तू कुठली, हे सर ठरवायचे. नियम एकच. जिच्यावाचून अडत नाही, पण चैनही पडत नाही, अशी हवी. "दाढेचं तेच आहे," म्हणायचे. "एकीवाचून अडतं का कुणाचं?" त्यामुळे चष्मा नाही, फोन नाही, गाडीची किल्ली नाही. टीव्हीचा रिमोट चालेल. कुकरची शिट्टी चालेल. एका तबल्याच्या मास्तरांची हातोडी होती, एका वकिलाच्या गळ्याची पांढरी पट्टी होती, संक्रांतीच्या तोंडावर आलेल्या एकाची मांजाची फिरकी होती. एका रुबाबदार गृहस्थांचा केसांचा टोप होता. त्यांनी पाचव्या दिवशी येऊन कॅपचं माप दिलं, टोपीत.

शेजारच्या चिक्कडपल्लीच्या लोकांना हा सगळा उपचाराचाच भाग वाटायचा. नवा कुणी वाद घालू लागला की सर शांतपणे म्हणायचे, "मग दाढ ठेवून जा."

यात एकदाच गोंधळ झाला. चिक्कडपल्लीच्या एकाच गल्लीतल्या दोन बायकांच्या कुकरच्या शिट्ट्या एकाच आठवड्यात परत गेल्या आणि उलट्या गेल्या. एकीचा कुकर मुका झाला, दुसरीचा थांबेना. दोघी एकाच सकाळी हातात आपापला कुकर घेऊन जिना चढल्या. सरांनी खुर्चीतल्या पेशंटला तोंड उघडंच ठेवायला सांगितलं आणि मागच्या खोलीतल्या शेगडीवर पाळीपाळीने दोन्ही कुकर चढवले. रिकामा चढवायचा नसतो म्हणून डाळतांदूळ खालच्या पार्टनरकडून मागवले. शिट्ट्यांचा निकाल लागला तेव्हा खिचडीही झाली होती. पेशंटसकट सगळ्यांनी खाल्ली, पेशंटने उजवीकडून. तेव्हापासून येणाऱ्या प्रत्येक वस्तूला सर चिकटपट्टी लावू लागले. तिच्यावर माणसाचं नाव नसायचं, दाढेचा नंबर असायचा. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. रस्त्यात कुणी भेटलं की ते त्याला हसायला लावायचे आणि मग ओळखायचे.

माझ्या डाव्या दाढेची कॅप पहिल्याच महिन्यात त्यांनी स्वतः लावली. त्या दिवशी गर्दी होती, इअरफोन द्यायचे राहिले. मागायला तोंड उघडावं लागलं असतं, म्हणून मीही मागितले नाहीत. पुढे बसमध्ये लोक काय बोलतात ते ऐकायची सवय लागली आणि विषय राहून गेला.

मी तिथे होते ती राज्याच्या वाटणीची वर्षं. आधी मोर्चे आणि बंद, मग वाटणी ठरली, मग गाड्यांच्या नंबरपाट्या बदलल्या, आणि त्यानंतर सरकारी माणसांचं लांबलचक वाट बघणं सुरू झालं. कोण या राज्यात राहणार, कोण त्या राज्यात जाणार, याच्या याद्या निघायच्या, फिरायच्या, पुन्हा निघायच्या. आमचे निम्मे पेशंट सरकारी खात्यांतले. त्यांना नवीन कारण मिळालं. रूट कॅनाल करून घ्यायचे, कारण दुखणं यादीची वाट बघत नाही. कॅपचं काढलं की म्हणायचे, "ॲलॉटमेंट हो जाने दो, डाक्टरसाब. इधर लगाऊँ या उधर लगाऊँ, मालूम तो पडे."

सर त्यावर मराठीत जायचे. "राज्य दुभंगलं तर दोन मुख्यमंत्री मिळतात. दाढ दुभंगली तर एकसुद्धा मिळत नाही."

त्यांना स्वतःला वाटणीचं कौतुकही नव्हतं आणि दुःखही नव्हतं. त्यांचे आजोबा परभणीकडचे शेतकरी. जुनं हैदराबाद राज्य मोडलं तेव्हा जमीन एका राज्यात गेली आणि घर दुसऱ्यात राहिलं. "पहिल्या वाटणीला माझे दुधाचे दात येत होते," ते सांगायचे. "दुसरीला दाढा जायला लागल्या. तिसरी कवळीत बघू."

या सगळ्यात रोज संध्याकाळी यायचे ते राव. सरांचे जुने मित्र, गुंटूरकडचे, म्हणजे पलीकडच्या राज्यातले, सचिवालयात अधिकारी, राहायला चिक्कडपल्लीत. उपचाराला नाही, भांडायला यायचे. दोघं बाकावर बसून सरांच्या खिशातले फुटाणे खात एकमेकांच्या राज्याला शिव्या घालायचे, त्याही उर्दूत, म्हणजे कुणाच्याच भाषेला लागू नयेत. रावांचं रूट कॅनाल होऊन बरेच महिने झाले होते आणि त्यांचा कॅरमचा स्ट्रायकर कपाटात होता. त्या स्ट्रायकरशिवाय ते ऑफिसात हरत होते. तरी कॅप लावत नव्हते. यादी.

आणि मग एका सोमवारी सर मास्क लावून आले, ते दिवसभर काढेनात. चहाच्या वेळी पाठ करून उभे राहिले. मी गाल बघितला. उजवा गाल खालून सुजला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि खुर्चीत जाऊन बसले. मला म्हणाले, उजवी खालची, रूट कॅनाल, आणि यातलं एक अक्षर बाहेर जायचं नाही. मी इंजेक्शन भरलं. एवढी वर्षं लोकांना "कुछ नक्को सोचो" सांगणारा माणूस सुई बघून खुर्चीत वर सरकला. मग पुढचा तासभर तोंड उघडं ठेवून मला सूचना देत राहिले. एक शब्द कळत नव्हता. हातवारे इतके की ट्रॅफिक पोलीस बरा. शेवटी मी म्हटलं, "सर, हात खाली." माझा आवाज एवढा येतो हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. हात खाली गेले आणि त्यांनी खुर्चीचे दांडे धरले. ड्रिल सुरू झालं की बोटं पांढरी पडायची, थांबलं की पुन्हा रंग यायचा. ते मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

दोन बैठकांत काम झालं. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "बरं केलंयस." एवढंच. मला दोन दिवस पुरलं.

"कॅपचं माप कधी घ्यायचं, सर?"

"बघू."

मला वाटलं थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. पुढच्या आठवड्यात विचारलं तर म्हणाले, मलकपेठच्या लॅबवाल्याचा हात सध्या बिघडलाय. त्याच दिवशी त्याच लॅबला त्यांनी तीन मापं पाठवली होती. मग आषाढ लागला. मग बोनालूच्या जत्रेचे ढोल वाजताहेत, लक्ष लागत नाही. मग एकदा चक्क म्हणाले, "ॲलॉटमेंट होऊ दे."

"तुमची कसली ॲलॉटमेंट, सर? तुम्ही कुठे सरकारी आहात?"

"कुणाची तरी होऊ दे."

कॅपसाठी दाढ चहूबाजूंनी घासावी लागते. ते घासणं त्यांना नको होतं. तो आवाज त्यांनी आयुष्यभर बाहेरून ऐकला होता. आतून ऐकला त्या दोन दुपारी, आणि तेवढा त्यांना पुरला होता. हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण रोज संध्याकाळी ते रावांशेजारी बसून त्याच बाजूने फुटाणे चावायचे आणि मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला उपकरणं पुसत प्रत्येक दाणा मोजल्यासारखी ऐकायचे. आत पोकळ, वर तात्पुरत्या सिमेंटचा चट्टा, भिंती कागदासारख्या. कशा आहेत हे जगात मला एकटीलाच माहीत होतं, कारण तासल्या मीच होत्या. माझं पहिलं काम होतं ते, ज्याला कुणीतरी बरं म्हटलं होतं.

श्रावण लागायच्या सुमारास एका दुपारी टक् असा आवाज आला. सर फुटाणे खाता खाता थांबले. हातरुमालात काहीतरी घेतलं, बघितलं आणि खिशात टाकलं.

"दाणा होता," म्हणाले. "कडक."

"पांढरा दाणा, सर?"

मी खुर्चीकडे बोट केलं. ते बसले. जिभेकडच्या बाजूची भिंत तुटली होती. चीर हिरडीच्या जरा वर येऊन थांबली होती. म्हणजे अजून कॅप बसू शकत होती. पुढची टक् हिरडीखाली जाणार, मुळात उतरणार, आणि मग करण्यासारखं एकच उरणार, ते चिमट्याने करतात. हे मी त्यांना सांगायची गरज नव्हती. आरसा त्यांनीच मागून घेतला होता.

"सांभाळून खाईन," ते म्हणाले. हेच वाक्य ऐकल्यावर त्यांनी पेशंटांकडून टोप उतरवून घेतले होते.

ते हात धुवायला उठले. हात धुताना ते कपाटाची किल्ली नेहमी ट्रेच्या कडेला ठेवायचे. मी ती उचलली आणि माझ्या कोटाच्या खिशात टाकली.

त्यांनी हात पुसले, ट्रेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "किल्ली दे."

"अमानत आहे, सर."

"कुणाची?"

"तुमची. खालची उजवी."

ते हसले. मग मी हसत नाहीये हे त्यांच्या लक्षात आलं. "पोरी, ती कपाटाची किल्ली आहे. रिमोट नाही. तिच्यावाचून माझं अडतं."

"मग लवकर लावा."

मी ट्रे उचलला आणि उपकरणं पुसायला घेतली.

पुढचे दिवस क्लिनिकमध्ये फार थंड गेले. सर रागवायचे मराठीत, हे मी सांगितलंच. खरे रागावले की ते इंग्रजीत जातात, हे तेव्हा कळलं. "कुड यू प्लीज पास मी द मिरर, डॉक्टर?" असं म्हणायचे आणि मी हातातलं सोडून आरसा पुढे करायचे. मागच्या खोलीतून खुडबुड ऐकू यायची. आधी केसांचा आकडा, मग कात्री, मग खालच्या पार्टनरचा पेचकस. कपाट जुन्या लोखंडाचं होतं, दाद देईना. तबल्याचे मास्तर कॅप लावून हातोडी मागायला आले, त्यांना उद्या बोलावलं. उद्या आले, परवा बोलावलं. मास्तरांनी जाताना विचारलं की उलट सरांनीच त्यांच्याकडे काही अमानत ठेवावी का, तबला उतरलाय. सगळ्यांत वाईट म्हणजे नवीन पेशंटांकडून काही घेता येईना. एक जण रूट कॅनाल करून रिकाम्या हातांनी, म्हणजे भरल्या हातांनी, शीळ घालत जिना उतरून गेला. सर खिडकीतून त्याच्याकडे बघत राहिले. पण खुर्चीत बसले नाहीत.

आणि त्याच आठवड्यात राव आले ते हातात कागद घेऊन. यादी पक्की झाली होती. त्यांना जायचं होतं. विजयवाड्याकडे, आणि शनिवारच्या दुपारच्या गाडीने. बाकावर बसले, फुटाणे घेतले नाहीत. म्हणाले, कॅपचं माप आजच घे, शनिवारी सकाळी लाव आणि माझा स्ट्रायकर दे, तिकडे जाऊन निदान कॅरम तरी जिंकतो.

सर म्हणाले, कॅप लावतो, पण कपाटाची किल्ली हरवली आहे.

मी मागे उभी होते. तशीच उभी राहिले असते तर काही बिघडलं नसतं. रोजच उभी राहायचे.

"हरवली नाही," मी म्हटलं. "माझ्याकडे आहे."

मग मी सगळं सांगितलं. सूज, सुई, दोन बैठका, आषाढ, ढोल, पांढरा दाणा. मराठीत सुरू केलं, मधेच रावांसाठी तेलुगूत गेले, चुकले तिथे उर्दू घेतली. एवढं सलग मी घरीसुद्धा कधी बोलले नव्हते. सर छताकडे बघत होते. राव ऐकत होते आणि त्यांच्या मिशीची टोकं हळूहळू वर जात होती.

"अच्छा," ते सरांना म्हणाले. "मेरा स्ट्रायकर अंदर रखके तू इधर ये कर रा था, हौले." हौले म्हणजे येडपट.

"तू बैठ खुर्ची में. तेरी गाडी है शनिवार को."

"इसी लिए पहले तू बैठ. मैं तेरे बाद."

सरांनी माझ्याकडे बघितलं, रावांकडे बघितलं, कपाटाच्या दिशेला बघितलं. मग पायातल्या चपला काढल्या, कुणी देवळात जाताना काढावं तशा, आणि खुर्चीत चढले.

मी माझ्या पद्धतीने, म्हणजे त्यांच्या पद्धतीने, काम केलं. सुईच्या वेळी उर्दू, ड्रिलच्या वेळी तेलुगू. राव खुर्चीच्या पायथ्याशी स्टूल घेऊन बसले होते आणि सरांच्या पायांचे दोन्ही अंगठे धरून विजयवाड्याच्या उन्हाळ्याचं वर्णन करत होते. तो उन्हाळा त्यांनीही कित्येक वर्षांत बघितला नव्हता. मधेमधे ते अगदी सरांच्या आवाजात विचारायचे, "नोप्पी उंदा?" सरांच्या तोंडात माझी बोटं होती, त्यामुळे त्यांना शिवी देता येईना. डोळ्यांनी दिली. दाढ घासून झाली तेव्हा मी त्यांच्या बोटांकडे बघितलं. दांड्यावरची पांढरी होती, पण दांडा सोडला नव्हता.

माप घेऊन झाल्यावर ते उठले आणि अर्धा ओठ लोंबत असताना त्यांनी रावांची दाढ घासली. सूचना कुणालाच कळत नव्हत्या. राव अंदाजाने तोंड उघडत आणि मिटत होते. त्या दिवशीची भाषा चौथीच होती.

मी मलकपेठलाच राहते. त्यामुळे दोन्ही मापं संध्याकाळी मीच लॅबला दिली आणि शनिवारी सकाळी पर्समध्ये दोन दाढा घेऊन बसमधून नारायणगुड्याला आले. शेजारची बाई विचारत होती, काय आणलंत एवढं सांभाळून. मी सांगितलं. तिने जागा बदलली.

सरांनी डबी उघडून आपली कॅप उजेडात धरली. "ही माझी नाही. रावची आहे."

मी ती त्यांच्या दाढेवर ठेवली. बसली. निळा कागद दोन दातांमध्ये धरला, म्हटलं, चावा, घासा, पुन्हा चावा. एक ठिपका जास्त उमटत होता, तो उतरवला. सिमेंट लावलं, कापसाचा बोळा दिला आणि दाबून धरायला सांगितलं. त्यांनी दाबून धरला. तेवढ्यात त्यांचं बोलणं बंद आहे हे बघून मी कॅपनंतरचं सगळं पाठ म्हणून दाखवलं. आजचा दिवस कडक खायचं नाही, चिकट खायचं नाही, रात्री कडेने धागा फिरवायचा, सहा महिन्यांनी दाखवायचं. त्यांनी प्रत्येक वाक्याला मान हलवली. रावांची कॅप त्यांनी स्वतः बसवली, त्याला वेळ लागला नाही.

मग मी खिशातून किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

कपाट उघडलं. स्ट्रायकर खालच्या खणात मागे होता. सरांनी तो ओढला तर त्याच्याबरोबर गुंतून एक पांढरी वायर बाहेर आली. माझे इअरफोन. ते स्ट्रायकरभोवती असे गुरफटले होते की रावांना नखाने एक एक वेढा सोडवावा लागला. चिकटपट्टी त्यांच्यावर नव्हती. ते खिचडीच्या आधीचे.

"हे कुणाचं?" सरांनी विचारलं.

"असेल कुणा पेशंटचं," मी म्हटलं. "कॅप लावायला आली नसेल."

"बघ. असे लोक." त्यांनी वायरची नीट गुंडाळी केली आणि आतल्या खिळ्याला अडकवली. "येईल. कुठे जाते."

राव निघाले. सर जिन्यापर्यंत गेले नाहीत, दारातूनच ओरडले की आज कडक काही खाऊ नकोस, आणि मग हे मराठीत म्हटल्याचं लक्षात आल्यावर दुसऱ्या कुठल्या भाषेत म्हणायच्या भानगडीत पडले नाहीत. खाली रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला. तो जाईपर्यंत ते तिथे दाराची कडी तपासत उभे होते. कडीला काहीही झालेलं नव्हतं.

परत येऊन बाकावर बसले, सवयीने खिशातून फुटाण्यांची पुडी काढली, उघडली, एक दाणा उचलला. मी बघत होते. त्यांनी दाणा परत टाकला आणि पुडी माझ्यापुढे धरली.

"मला आज मनाई आहे. तू खा," म्हणाले. आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "डावीकडून चाव."